डायलिसिसची नळी, दहा मीटर: तीन वर्षं वापरल्यानंतर

परवा स्टॉक रजिस्टर लिहायला बसले तेव्हा दिसलं की डायलिसिस ट्यूबिंगची (लहान रेणू सोडणारी, मोठे अडवणारी प्रयोगाची पातळ नळी) तिसरी गुंडाळीही संपत आली. दोन पूर्ण संपल्या, तिसरीतले जेमतेम चार मीटर उरलेत. आता नवी मागवायची, आणि मागवण्याआधी तीन वर्षांचा हिशेब एकदा मांडून ठेवावा म्हटलं. तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. दुकानाच्या संकेतस्थळावर या वस्तूखाली दोनच अभिप्राय आहेत. एक 'नाइस प्रॉडक्ट' आणि दुसरा नुसता अंगठा.

वस्तू दिसायला काहीच नाही. मळकट पांढऱ्या फितीची गुंडाळी, जुन्या कॅसेटमधली टेप जाड करून गुंडाळावी तशी. रुंदी २५ मिलिमीटर. हातात घेतली तर कागदासारखी कुरकुरते. ही नळी आहे हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला सांगूनही पटत नाही. आमचे लॅबमधले मामा पहिल्या वर्षी म्हणाले होते, "मॅडम, फसवलं तुम्हाला, ही तर पट्टी आहे." मग १५ सेंटिमीटरचा तुकडा कापून पाच मिनिटं पाण्यात टाकायचा आणि टोक अंगठा नि तर्जनीत धरून चोळायचं. भाजीवाल्याकडची प्लॅस्टिकची पिशवी उघडताना चोळतो ना, अगदी तसंच. एकदम दोन पदर सुटतात आणि आरपार नळी होते, साधारण १६ मिलिमीटर व्यासाची. ओली झाली की ती इतकी मऊ आणि पारदर्शक होते की बीकरमध्ये पडलेला तुकडा शोधावा लागतो.

किंमत कुरिअर धरून २,४८० रुपये पडली. पहिली गुंडाळी आली ती साध्या पातळ पिशवीत, कडा दुमडलेल्या. दुमडीवरचा दीड मीटर फुकट गेला, कारण तिथे भिजवल्यावर बारीक चिरा पडत होत्या. दुकानाला फोन केला तर "सायंटिफिक माल परत घेत नाही" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी दुकान बदललं, तिसरी व्यवस्थित डबीत आली. तिन्हींत एक गोष्ट समान होती: सोबत माहितीचा कागद नाही. डबीवर फक्त एवढंच, 'एमडब्ल्यूसीओ १२,०००–१४,०००'. हा आकडा म्हणजेच या वस्तूचं सगळं मर्म, आणि त्याचा अर्थ कुठेही छापलेला नाही.

तर तो अर्थ असा. ही नळी शुद्ध सेल्युलोजची आहे, म्हणजे सेलोफेनच्याच जातीची. तिच्या भिंतीत अडीच नॅनोमीटरच्या आसपास छिद्रं असतात. ज्या रेणूचं वजन १२ ते १४ हजार डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) कमी, तो आरपार जातो. त्यापेक्षा मोठा आतच राहतो. ग्लुकोज १८० डाल्टन, आयोडीनही काही शेच. पाणी तर १८. स्टार्चचा रेणू लाखांच्या घरात. नळीला एवढंच कळतं, लहान की मोठा. बाकी तिला काहीही कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझी पुढची सगळी कुरकुर यावरच आहे.

जे काम तिला येतं ते ती झकास करते. नळीच्या एका टोकाला घट्ट गाठ, आत स्टार्चचं पाणी आणि मेडिकलमधून आणलेली ग्लुकोज पावडर, दुसऱ्या टोकाला गाठ, मग बाहेरून नळाखाली स्वच्छ धुवायची. बीकरमध्ये आयोडीनचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. नळी आत सोडली की पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही आणि पोरं मोबाइल काढायच्या बेतात असतात. मग नळीच्या भिंतीला आतून निळसर धूर धरल्यासारखं दिसायला लागतं. कडेकडेने आधी, मग मध्यभागी. १५-२० मिनिटांत पिशवी दौतीतल्या शाईसारखी काळीनिळी आणि बाहेरचं पाणी फिकट. आयोडीन आत गेलं, स्टार्च बाहेर आलं नाही, हे न बोलता दिसतं. अर्ध्या तासाने बाहेरचं पाणी परीक्षानळीत घेऊन बेनेडिक्टसोबत (ग्लुकोज ओळखणारं निळं द्रावण) उकळत्या पाण्यात धरलं की निळ्याचं हिरवं, हिरव्याचं विटकरी. ग्लुकोज बाहेर आलेलं. मात्र त्यासाठी आयोडीनविना साध्या पाण्यात ठेवलेली वेगळी पिशवी घ्या, म्हणजे रंगांचा गोंधळ होत नाही.

कुणी ढकललं नाही, पेशीची ऊर्जा खर्च झाली नाही, एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, संबंध नाही. जिकडे दाट तिकडून जिकडे विरळ तिकडे रेणू आपले सरकले. विसरण म्हणजे काय हे मी बावीस वर्षं फळ्यावर ठिपके काढून शिकवत होते. नळी आल्यापासून ठिपके बंद केले. या एका प्रयोगासाठी पैसे वसूल.

गाठींबद्दल मात्र सावध. एका बॅचमध्ये पाचातल्या तीन गटांचं बीकरच निळं झालं. मुलांनी वहीत बेधडक लिहिलं, 'स्टार्च नळीतून बाहेर येते.' गाठ सैल होती, शिवाय भरताना बाहेर सांडलेलं धुतलं नव्हतं. तेव्हापासून मी नळीचं टोक दोनदा पिळून, दुमडून, वर पांढऱ्या सुती दोऱ्याने आवळायला लावते. उसवत नाही, गळत नाही. आणि एकदा ओली केलेली नळी वाळू देऊ नका. कोऱ्या नळीला ग्लिसरीन लावलेलं असतं म्हणून ती कोरडी टिकते. भिजवली की ते धुऊन जातं आणि मग वाळलेली नळी पापडासारखी तडकते. दिवाळीच्या सुट्टीआधी उरलेले तुकडे मी ट्रेमध्ये तसेच ठेवले होते. सुट्टीनंतर त्यांचा चुरा.

आता कुरकुर. दोन दुकानांच्या पानांवर या नळीचं वर्णन 'कृत्रिम पेशीपटल' असं केलेलं आहे. हे मला मान्य नाही, आणि नुसता शब्दांचा वाद म्हणून नव्हे. मुलं तसंच डोक्यात घेतात.

पहिला धडा मला मुंग्यांनी शिकवला. परासरण, म्हणजे पटलातून पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे जाणं, दाखवायचं म्हणून थिसल फनेलच्या (लांब काचेच्या नळीचं नरसाळं) तोंडाला नळीचा उघडलेला तुकडा ताणून बांधला, फनेलमध्ये ३० टक्के साखरेचं पाणी लाल रंग घालून भरलं, उलटा करून साध्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडला. अकराला काचेच्या नळीवर मार्करने रेघ मारली. बारा चाळीसला पातळी ९ सेंटिमीटर वर. वर्ग खूश, मी खूश. म्हटलं उद्या सकाळी नळीच्या वरून ओसंडत असेल. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर पातळी रेघेच्या जवळपास खाली आलेली, आणि मामा म्हणतात, "मॅडम, बाहेरच्या पाण्याला मुंग्या लागल्यात."

बीकरच्या काठाला ओळीने मुंग्या. बाहेर साधं पाणी होतं, तिथे मुंग्यांचं काय काम? काम होतंच. साखरेचा रेणू ३४२ डाल्टनचा, नळीची वेस १२ हजाराची. साखर रात्रभर आरामात बाहेर येत होती. सुरुवातीला पाणी पटकन आत शिरतं आणि साखर सावकाश बाहेर पडते, म्हणून पातळी चढते. पुढे आत-बाहेर साखर सारखी होत जाते आणि चढलेलं पाणी स्वतःच्या वजनाने परत उतरतं. मुंग्यांवर विश्वास ठेवून चालणार नव्हतं म्हणून बाहेरचं पाणी घेतलं, थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळलं, खाण्याचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत आम्लपणा मारला आणि मग बेनेडिक्ट केलं. आपली घरातली साखर बेनेडिक्टला थेट दाद देत नाही, आधी फोडावी लागते. निकाल विटकरी. मुंग्या बरोबर होत्या.

खरं अर्धपार्य पटल, म्हणजे पाणी सोडणारं पण विरघळलेला पदार्थ अडवणारं, काय करतं हे पाहायचं तर १८७७ साली विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली मोजमापं बघावीत. त्याने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचा पडदा बसवला होता. त्यातून पाणी जायचं, साखर जवळजवळ जायचीच नाही. नुसत्या १ टक्का साखरेला सुमारे ०.७ वातावरण दाब भरला, म्हणजे पाण्याचा सात मीटर उंच स्तंभ. दहा वर्षांनी व्हान्ट हॉफने याच आकड्यांवरून परासरण दाबाचं सूत्र मांडलं, आणि १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्याला मिळालं. त्या सूत्राने माझ्या ३० टक्के साखरेला दोनशे मीटरहून जास्त उंची मिळायला हवी. मला मिळाली ९ सेंटिमीटर, तीही जेवणाच्या सुट्टीपुरती. एवढं गळकं पटल असलेली पेशी एक दिवस जगणार नाही.

मिठाने तर आणखी पंचाईत. एका गटाने साखरेऐवजी १० टक्के मिठाचं पाणी भरलं. साखरेची पिशवी अर्ध्या तासात १८.२ ग्रॅमवरून २०.६ वर गेली होती. मिठाची १८.४ वरून १८.७. पोरगी काट्यावर पिशवी तीनदा ठेवून बघत होती, "मॅडम, काटा बिघडलाय." काटा ठीक होता. मिठाचे आयन नळीतून इतक्या झटकन बाहेर पडतात की पाण्याला आत ओढायला मागे काही उरतच नाही.

आणि इथेच खरी पेशी नेमकं उलटं वागते. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, साखरेपेक्षा किती लहान! पण पेशीपटलाच्या तेलकट दुपदरी थरातून ते जवळजवळ जातच नाहीत, कारण त्यांच्यावर विद्युतभार आहे. तेलाला भार चालत नाही. उलट ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल सरळ आरपार. चार्ल्स ओव्हर्टनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झ्युरिकमध्ये हेच पाहिलं होतं, जे तेलात जास्त विरघळतं ते पेशीत लवकर शिरतं. म्हणजे पेशीच्या दारात प्रश्न फक्त आकाराचा नाही. ग्लुकोज नळीतून बाहेर पडतं, पण तांबड्या रक्तपेशीत शिरायला त्याला स्वतंत्र वाहक प्रथिन लागतं. ऊर्जा तिथेही लागत नाही, उतारावरूनच जायचं, फक्त ओळखीचा माणूस दारात हवा. पाण्यालासुद्धा वेगळी वाट असते. पीटर ॲग्रे यांनी १९९२ साली ॲक्वापोरिन नावाचं प्रथिन दाखवून दिलं आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. अशी एक वाट सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू सोडते आणि आयनाला मात्र सोडत नाही. २,४८० रुपयांच्या नळीकडून ही अपेक्षा मी करत नाहीच. फक्त तिला पेशीपटल म्हणू नका. ती चाळण आहे. उत्तम चाळण आहे.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. परासरणाच्या तासाला नळी कपाटात. कॉलेजच्या दारातल्या कुंडीतलं ऱ्हिओचं जांभळं पान तोडायचं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूची जांभळी साल पातळ पडद्यासारखी सुटते. स्लाइडवर, वर ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब, कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकातून आधी दिसतात काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेल्या षटकोनी खोल्या, फरशी बसवल्यासारख्या. तीन-चार मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो. कोपरे पांढरे होतात, मग कडा, आणि शेवटी खोलीच्या मध्यभागी जांभळा गोळा उरतो, वाटाण्यासारखा. तोच रससंकोच. कव्हरस्लिपच्या एका बाजूला टिपकागद लावून दुसऱ्या बाजूने साधं पाणी सोडलं की गोळे फुगून परत भिंतींना टेकतात, वेळेत केलं तर. हे पाहताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा "मला बघू दे" म्हणून ढकलाढकली करतात. जिथे नळीने मिठापुढे हात टेकले, तिथे पेशीने मीठ बाहेरच अडवलं आणि पाणी सोडलं. खर्च शून्य रुपये.

पोरांना यात नवीन काही नसतंही, नुसतं नाव नसतं. कोशिंबिरीला मीठ पानं वाढायच्या वेळी का घालायचं हे सगळ्यांच्या घरी माहीत असतं. आधी घातलं की काकडी पाणी सोडते आणि दाण्याच्या कुटाचा चिखल होतो. एका मुलाने विचारलं होतं, मग चोचवल्यावर मीठ न लावताही पाणी सुटतं ते कसं? सुरीने पेशी फुटल्या, तिथे पटलाचा प्रश्नच उरला नाही. चांगला प्रश्न होता. त्या दिवशी बीट आणलं. बिटाच्या फोडी आधी धुवून गार पाण्यात ठेवल्या, पाणी जेमतेम गुलाबी झालं. ७० अंशांच्या पाण्यात ठेवल्या, पाणी लालभडक. उष्णतेने पटल मोडलं, रंग बाहेर. नळी तर गरम पाण्यातही तशीच राहते, तिच्यात मोडण्यासारखं पटल आहेच कुठे!

एवढं बोलल्यावर नळीची बाजू घ्यायला हवी, कारण तिची खरी जागा पेशी नसून दवाखाना आहे. नावच बघा. 'डायलिसिस' हा शब्द टॉमस ग्रॅहमने १८६१ साली काढला, तेव्हा त्याच्याकडे चर्मपत्री कागदाचे पडदे होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन नावाच्या गावी विलेम कॉल्फ या डॉक्टरने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, सुमारे वीस मीटर, आणि लाकडी पिंपाभोवती गुंडाळली. नळीत मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णाचं रक्त, पिंप अर्धं क्षारांच्या पाण्यात फिरतंय. रक्तातला युरिया नळीतून पाण्यात, प्रथिनं आणि पेशी नळीतच. १९४३ साली सुरुवात केली. पहिले रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. आमच्या लॅबमधल्या फितीची ही सख्खी मावशी म्हणायला हरकत नाही. तीसुद्धा सॉसेजवाल्यांच्या धंद्यातूनच आली, म्हणून जुन्या कॅटलॉगमध्ये तिला अजून, सॉसेजची आवरणं बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून, व्हिस्किंग ट्यूब म्हणतात.

हे सांगत होते त्या तासाला एक मुलगी हात वर न करताच म्हणाली, "मॅडम, आमच्या आजोबांच्या मशीनमध्ये हेच असतं?" आजोबा आठवड्यातून तीनदा जातात, चार तास झोपून असतात. मी म्हटलं, तत्त्व हेच, पण आता केसासारख्या पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, हजारो धागे, सगळ्यांची भिंत पसरली तर दीड-दोन चौरस मीटर. एवढी भिंत का, याचं उत्तर विसरणाच्या चालीत आहे. ग्लुकोजला पाण्यात पेशीएवढं, म्हणजे १० मायक्रोमीटर अंतर जायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. एक सेंटिमीटर जायला वीस तास. अंतर हजारपट वाढलं तर वेळ दहा लाख पट. म्हणून धागे बारीक, म्हणून पेशी लहान, आणि म्हणूनच बीकर ढवळत राहा असं मी कानीकपाळी ओरडत असते. मग ती म्हणाली, "पण सगळंच निघून गेलं तर? पोटॅशियम वगैरे?" बाहेरच्या पाण्यात ते आधीच थोडं घातलेलं असतं, म्हणून सगळं जात नाही, दोन्हीकडे सारखं होण्याच्या दिशेने जातं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग वहीत नळीचं चित्र काढून बाहेरच्या बाजूला तिने 'के', म्हणजे पोटॅशियमची खूण, लिहिला आणि त्याभोवती गोल केला. मी त्या वर्षी दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर बहुधा तेच होतं, आणि ते मला नळीमुळे देता आलं.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण माहितीचा कागद नसल्याबद्दल कापला, एक 'कृत्रिम पेशीपटल' असं लिहून विकल्याबद्दल. वस्तूचा त्यात दोष नाही हे मान्य, पण पैसे मी त्या वर्णनाला मोजले होते.

मागवणार असाल तर २५ मिलिमीटरचीच घ्या. त्याहून अरुंद नळी उघडताना मुलांची नखं लागून फाटते. वीस जणांच्या चार बॅचना, चौघांचा एक गट धरून, दोन प्रयोगांना वर्षाला सहा-सात मीटर लागते. वाया जाणारी धरली तर आठ-नऊ, म्हणजे एक गुंडाळी वर्षभर पुरते. आल्याआल्या कडा तपासा, दुमड दिसली तर पाकीट फोडण्याआधी फोटो काढून दुकानदाराला पाठवा. उरलेली कोरडी नळी हवाबंद पिशवीत, उन्हापासून लांब ठेवा. आणि साखरेचा प्रयोग रात्रभर ठेवायचाच असेल तर बीकर पाण्याने भरलेल्या ताटात ठेवा, घरी गुळाचा डबा ठेवतो तसा. मामांनी आता त्यासाठी एक परात बाजूलाच काढून ठेवलीय.